ओपीडीतला नऊ प्रश्नांचा कागद : 'स्कोअर' दहाच्या वर गेला म्हणजे नैराश्य झालं का?

'पीएचक्यू-९ मध्ये १७ आले. आता?' अशी ओळ आणि सोबत स्क्रीनशॉट, ही पोस्ट हल्ली कुणाच्या टाइमलाइनवर दिसली तर फारसं नवल वाटत नाही. खाली कमेंटमध्ये कुणी धीर देतं, कुणी थेट गोळीचं नाव सुचवतं, तर कुणी 'माझे २१ आले होते' असं सांगून मोकळं होतं. परीक्षेच्या मार्कांसारखी या आकड्यांची चर्चा सुरू असते.

गंमत म्हणजे ही प्रश्नावली सोशल मीडियासाठी बनलेलीच नाही. ती बनली दवाखान्याच्या बाकावर नंबर यायची वाट पाहणाऱ्या रुग्णासाठी. डोकेदुखी, अंगदुखी, पित्त, झोप न लागणं अशा तक्रारी घेऊन जनरल ओपीडीत आलेल्या माणसाच्या मनातही काही चाललं आहे का, हे डॉक्टरांना दोन-तीन मिनिटांत कळावं, एवढाच तिचा हेतू. भारतातही मधुमेहाच्या, हृदयविकाराच्या, प्रसूतीच्या आणि अर्थातच मानसोपचाराच्या ओपीडींमध्ये ती वापरली जाते. तिच्यातलेच दोन प्रश्न आता आशाताईंच्या फॉर्ममध्येही आले आहेत.

त्यामुळे हा कागद काय मोजतो, काय मोजत नाही आणि त्यावरच्या आकड्याला किती किंमत द्यायची, हे समजून घेणं गरजेचं झालं आहे.

कागद आला कुठून?

रक्तातली साखर मोजता येते, रक्तदाब मोजता येतो. उदासी मोजायला मात्र यंत्र नाही. त्यामुळे गेल्या शतकाच्या उत्तरार्धात मानसोपचारतज्ज्ञांनी प्रश्नांचीच मोजपट्टी बनवायला घेतली. अमेरिकेत ॲरन बेक यांनी १९६१ मध्ये २१ प्रश्नांची नैराश्याची प्रश्नावली मांडली. ब्रिटनमध्ये झिग्मंड आणि स्नेथ या दोन डॉक्टरांनी १९८३ मध्ये खास रुग्णालयांसाठी १४ प्रश्नांची 'हॅड्स' ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात सात प्रश्न चिंतेचे आणि सात नैराश्याचे आहेत.

आज सगळ्यात जास्त चालणारी जोडी मात्र पीएचक्यू-९ आणि जीएडी-७ ही आहे. पहिली नैराश्यासाठी, दुसरी चिंतेसाठी. दोन्हींमागे रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोएन्की हा अमेरिकी चमू होता. मानसिक आजारांच्या निदानाचे निकष ठरवणारी अमेरिकेतली 'डीएसएम-३' ही पुस्तिका १९८० मध्ये आली, तिचे प्रमुख शिल्पकार हेच स्पिट्झर. पीएचक्यू-९ चा मुख्य अभ्यास २००१ मध्ये आला. त्यात अमेरिकेतल्या आठ प्राथमिक उपचार दवाखान्यांतले आणि सात स्त्रीरोग दवाखान्यांतले मिळून ६,००० रुग्ण होते. जीएडी-७ ची प्रसिद्धी २००६ ची.

या कामाला फायझर या औषध कंपनीने पैसे दिले होते. नैराश्यावरची औषधं विकणाऱ्या कंपनीने नैराश्य शोधायच्या कागदाला पैसे द्यावेत, यावर भुवया उंचावणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. पण त्याच कंपनीने प्रश्नावली सगळ्यांना फुकट वापरू दिली, आणि ती जगभर पसरण्याचं हे मोठं कारण ठरलं. 'हॅड्स' वापरायची तर परवाना घ्यावा लागतो. पीएचक्यू-९ चं पान कुणीही झेरॉक्स करून वाटू शकतं.

आकडा कसा बनतो?

पीएचक्यू-९ मध्ये गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारलं जातं. कशात मन लागत नाही का, उदास वाटतं का, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाली मंदावणं किंवा उलट अस्वस्थ येरझाऱ्या, आणि शेवटी मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार. प्रत्येक त्रास 'अजिबात नाही' असेल तर शून्य, 'काही दिवस' असेल तर एक, 'अर्ध्याहून जास्त दिवस' असेल तर दोन आणि 'जवळपास रोज' असेल तर तीन गुण. एकूण २७. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून मध्यम-तीव्र आणि वीसपासून तीव्र असे टप्पे पाडले आहेत. जीएडी-७ चा हिशेब असाच, फक्त एकूण २१ आणि टप्पे पाच, दहा, पंधरा.

दोन्हींमध्ये दहा ही महत्त्वाची रेषा. ती ओलांडली की डॉक्टरांनी पुढे विचारपूस करावी, अशी अपेक्षा असते. खरा घोळ इथेच होतो, कारण 'पुढे विचारपूस करावी' आणि 'नैराश्य आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

दहाच्या रेषेचं गणित

जगभरातल्या अनेक अभ्यासांतली माहिती एकत्र करून २०१९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक मोठं विश्लेषण आलं. तज्ज्ञांनी सविस्तर मुलाखत घेऊन केलेलं निदान प्रमाण मानलं, तर दहाच्या रेषेवर पीएचक्यू-९ नैराश्य असलेल्या १०० पैकी सुमारे ८८ जणांना पकडते आणि नैराश्य नसलेल्या १०० पैकी सुमारे ८५ जणांना बरोबर बाजूला ठेवते. ऐकायला हे झकास वाटतं. आता हेच आकडे एखाद्या ओपीडीला लावून पाहू.

समजा, १,००० रुग्ण आले आणि त्यातल्या १०० जणांना खरोखर नैराश्य आहे. कागद त्यातल्या ८८ जणांना पकडेल, १२ जण निसटतील. उरलेल्या ९०० जणांपैकी १५ टक्के, म्हणजे १३५ जणांचा आकडाही दहाच्या वर जाईल, पण त्यांना नैराश्य नसेल. म्हणजे रेषा ओलांडणारे एकूण २२३ आणि त्यात खरे रुग्ण ८८. दहांतले चार.

हीच प्रश्नावली दवाखान्याबाहेर, समजा एखाद्या सोसायटीत किंवा इंटरनेटवर वाटली आणि तिथे नैराश्याचं प्रमाण पाच टक्केच असलं, तर १,००० मध्ये ४४ खरे रुग्ण सापडतील आणि सुमारे १४३ जण विनाकारण यादीत येतील. आता दहांतले चारही नाहीत, दोन-अडीच. कागद तोच, प्रश्न तेच, पण ज्या गर्दीत तो वाटला ती बदलली की आकड्याचा अर्थ बदलतो. स्क्रीनशॉट टाकणाऱ्याच्या आणि ओपीडीतल्या रुग्णाच्या १७ गुणांत हा फरक आहे.

बातम्यांमध्येही याच चुकीची पुनरावृत्ती होते. '४० टक्के कर्मचारी नैराश्यग्रस्त', 'निम्मे विद्यार्थी चिंताविकाराने त्रस्त' असे मथळे बहुतेक वेळा अशा प्रश्नावल्यांच्या जोरावर दिलेले असतात. २०२० मध्ये ४४ अभ्यासांतली माहिती तपासणाऱ्या संशोधकांना आढळलं, की पीएचक्यू-९ मध्ये दहा किंवा जास्त गुण मिळवणारे २४.६ टक्के होते, आणि त्याच लोकांच्या मुलाखती घेऊन निदान केलं तेव्हा प्रमाण निघालं १२.१ टक्के. बरोबर निम्मं. चाळणीत काय उरलं ते मोजून धान्य किती हे सांगण्यासारखाच हा प्रकार.

भारताच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 'निम्हान्स'ने १२ राज्यांत अशा कागदावर विसंबून न राहता प्रशिक्षित माणसांकडून ठरावीक पद्धतीच्या मुलाखती घेतल्या. त्यात प्रौढांमध्ये सध्या कोणता ना कोणता मानसिक विकार असलेल्यांचं प्रमाण १०.६ टक्के आलं. या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे राज्याच्या नावाने जेव्हा एखादा चकित करणारा टक्का फिरू लागतो, तेव्हा तो मुलाखतीतून आला की गुगल फॉर्ममधून, हे आधी पाहिलेलं बरं.

हिमोग्लोबिन कमी, स्कोअर जास्त

ओपीडीतला रुग्ण आधीच कसल्या तरी आजाराने आलेला असतो. इथे दुसरी अडचण सुरू होते.

समजा, एका बाईचं हिमोग्लोबिन खूप कमी आहे किंवा थायरॉइडचं काम मंदावलं आहे. तिला रोज थकवा येतो, तीन गुण. झोप बिघडली आहे, तीन गुण. भूक लागत नाही, तीन गुण. सगळी हालचाल मंदावल्यासारखी वाटते, दोन गुण. झाले अकरा. उदासी शून्य, मन न लागणं शून्य, तरी रेषा ओलांडली. क्षयरोग, मूत्रपिंडाचा आजार, कर्करोग आणि त्यावरची औषधं, यांतही हेच होतं. हे लक्षात घेऊनच पहिल्या दोन प्रश्नांपैकी, म्हणजे मन न लागणं किंवा उदास वाटणं यांपैकी एक तरी 'अर्ध्याहून जास्त दिवस' असल्याशिवाय नैराश्य धरू नये, असा नियम मूळ प्रश्नावलीतच आहे. घाईच्या ओपीडीत बेरीज होते आणि नियम विसरला जातो.

झिग्मंड आणि स्नेथ यांनी 'हॅड्स' बनवताना नेमकी हीच भीती धरली होती. त्यांनी झोप, भूक, थकवा असे शारीरिक प्रश्न मुद्दाम टाळले. वॉर्डात किंवा जुनाट आजारांच्या ओपीडीत आजही काही डॉक्टर 'हॅड्स'ला पसंती देतात, ती यासाठी.

जीएडी-७ ची गोष्ट उलटी आहे. तिच्यात छातीत धडधड, घाम, हात थरथरणं, पोटात ढवळणं यातलं काहीच नाही. सगळे प्रश्न अस्वस्थपणाचे, काळजीचे, चिडचिडीचे. आपल्याकडचा रुग्ण तर चिंता घेऊन येतच नाही, तो धडधड घेऊन येतो. ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल, तरी 'छातीत काहीतरी होतंय' म्हणत तिसऱ्या डॉक्टरकडे आलेला माणूस जीएडी-७ वर सहज चार गुण घेऊन 'ठीक' ठरू शकतो.

आणखी एक त्रुटी जास्त गंभीर आहे. पीएचक्यू-९ मन खाली गेलेलं आहे का, हे विचारते. ते आधी कधी अवाजवी वर गेलं होतं का, म्हणजे झोप न घेता भारल्यासारखं काम, भरमसाट खर्च, मोठमोठ्या गोष्टी असं काही झालं होतं का, हे विचारत नाही. बायपोलर आजाराच्या रुग्णाचा नैराश्याचा टप्पा या कागदावर साध्या नैराश्यासारखाच दिसतो. त्याला फक्त नैराश्यावरची गोळी दिली तर मन एकदम दुसऱ्या टोकाला जाण्याचा धोका असतो. कमेंटमध्ये गोळीचं नाव सुचवणाऱ्यांना हे माहीत नसतं.

'काळजी' शब्दाचं काय करायचं?

प्रश्नावली इंग्रजीत बनली, तिथल्या माणसांच्या बोलण्यातून. 'हॅड्स'मध्ये घाबरल्यावर पोटात फुलपाखरं उडाल्यासारखं वाटतं का, अशा अर्थाचा प्रश्न आहे. शब्दशः मराठी केलं तर बीडच्या किंवा चिपळूणच्या ओपीडीत बसलेल्या आजोबांना फुलपाखरू कुठून आलं तेच कळणार नाही. मराठी माणसाच्या पोटात फुलपाखरं उडत नाहीत, गोळा येतो.

म्हणूनच नुसतं भाषांतर चालत नाही. एक जण मराठी करतो, मूळ न पाहिलेला दुसरा ते परत इंग्रजीत नेतो, दोन्ही इंग्रजी पाठ जुळवले जातात, मग खऱ्या रुग्णांवर वापरून त्याची मुलाखतीशी तुलना होते. ही शेवटची पायरी खर्चिक आणि वेळखाऊ, त्यामुळे तीच सर्वाधिक गाळली जाते. अमेरिकेत ठरलेली दहाची रेषा इथे बारा असावी की आठ, हे त्याच पायरीवर कळतं.

शब्द नीट निवडले तरी पेच संपत नाही. 'खूप काळजी वाटते का?' असं एखाद्या आईला विचारलं तर ती म्हणेल, आईला काळजी नसणार तर कुणाला असणार. मराठीत काळजी करणं हा त्रास आहे, तसंच ते प्रेम आणि जबाबदारीही आहे. जीएडी-७ मध्ये काळजी थांबवता न येणं आणि वेगवेगळ्या गोष्टींची खूप काळजी वाटणं असे दोन सलग प्रश्न आहेत. मराठीत ते ऐकणाऱ्याला 'हे आत्ताच विचारलंत ना?' असं वाटलं तर त्याची चूक नाही.

पीएचक्यू-९ च्या पहिल्याच प्रश्नात कामात रस किंवा आनंद कमी झाला का, असं विचारलंय. रोजंदारीवर खुरपणीला जाणाऱ्या बाईच्या बाबतीत रसाचा प्रश्न येतोच कुठे? गेलं नाही तर हजेरी बुडते, म्हणून ती जाते. तिला 'करमतं का?', 'कशात जीव रमतो का?' असं विचारलं की मात्र ती बोलू लागते. 'नैराश्य' हा शब्द तर वर्तमानपत्रातला. घरात माणसं 'टेन्शन' म्हणतात. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतून जे काम केलं, त्यातही आजाराच्या भारदस्त नावापेक्षा लोकांच्या तोंडच्या अशा शब्दांवर भर होता.

कागद भरतं कोण?

नाव आहे 'स्वतः भरायची प्रश्नावली'. आपल्या सरकारी ओपीडीत ती अनेकदा स्वतः भरली जात नाही. चष्मा घरी राहिलेला असतो, वाचता येत नसतं, किंवा नऊ प्रश्न आणि चार रकाने पाहूनच रुग्ण कागद शेजारच्याकडे सरकवतो. मग मुलगा वाचून दाखवतो, नाहीतर सून, नाहीतर नवरा.

नवरा मोठ्याने विचारतोय, 'तुला गेल्या दोन आठवड्यांत स्वतःबद्दल वाईट वाटलं का?' आणि शेजारी सासू बसली आहे. या प्रश्नाला ओपीडीच्या बाकावर खरं उत्तर मिळेल, अशी अपेक्षा करणं भाबडेपणाचं आहे. 'नाही, तसं काही नाही' हे उत्तर आलं की शून्य गुण लागतात. कागदावर ती बाई ठणठणीत.

उलट बाजूही आहे. समोर डॉक्टर बसलेला असताना जे तोंडातून निघत नाही, ते काही जण कागदावर सहज खूण करून सांगतात. विशेषतः तरुण मुलं आणि पुरुष. रडायची, शब्द जुळवायची गरज नसते, फक्त टिक करायची असते. कागदाचं खरं बळ हेच आहे, आणि एकांत मिळाला तरच ते वापरता येतं. सिस्टरनी रुग्णाला पाच मिनिटं पडद्याआड बसवलं, नातेवाइकाला केसपेपरच्या रांगेत पाठवलं, एवढ्यानेही उत्तरं बदलतात.

आयुष्मान भारत योजनेत ३० वर्षांवरच्या लोकांसाठी आशाताई 'सीबॅक' नावाचा फॉर्म घरोघरी भरतात. रक्तदाब, मधुमेह, कर्करोगाच्या धोक्यांसोबत त्यात पीएचक्यूचे पहिले दोन प्रश्न आहेत, आणि ठरावीक गुणांच्या पुढे गेलेल्यांना आरोग्य केंद्रात पाठवायचं असतं. कल्पना चांगली आहे. पण आशाताई त्याच गावच्या, कधी त्याच आळीतल्या. दारात उभं राहून, चार माणसांच्या देखत विचारलेल्या 'उदास वाटतं का?' या प्रश्नाचं उत्तर त्या फॉर्ममध्ये काय म्हणून नोंदलं जात असेल, याचा अंदाज बांधायला फार विचार करावा लागत नाही.

मग हा उद्योग करायचाच कशाला?

कारण पर्याय फारसा नाही. देशात एक लाख लोकसंख्येमागे मानसोपचारतज्ज्ञ ०.७५, म्हणजे एक पूर्णही नाही. राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या मानसिक विकारांत उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के होतं. दर रुग्णाची तासभर मुलाखत घेणं कुठल्याही ग्रामीण रुग्णालयाला शक्य नाही. ज्या डॉक्टरच्या दाराशी दुपारपर्यंत शंभरावर माणसं उभी असतात, त्याला सगळ्यांशी बोलता येणार नाही. पण कुणाशी बोलायला हवं, ते हा कागद सांगू शकतो.

कागदाच्या पुढे उपचारांची साखळी उभी असेल तर काय घडतं, याचं उत्तम उदाहरण गोव्यातलं आहे. 'संगाथ'ने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी घेतली. निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. पीएचक्यू-९ वर १४ पेक्षा जास्त गुण असलेले ४९५ रुग्ण निवडले. अर्ध्यांना नेहमीचे उपचार थोडे सुधारून दिले. उरलेल्यांना त्यासोबत समुपदेशकाच्या सहा ते आठ बैठका मिळाल्या. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राची पदवी घेतलेलेही नव्हते. स्थानिक माणसं, या कामाचं प्रशिक्षण दिलेली. तीन महिन्यांनी पुन्हा तोच कागद भरून घेतला, तेव्हा बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचा आकडा दहाच्या खाली आला होता. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के.

विदर्भातही असंच. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' हा कार्यक्रम राबवला गेला, शेतकरी आत्महत्यांची पार्श्वभूमी असलेल्या भागात. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी फक्त ४.३ टक्के लोक कुठल्यातरी उपचारापर्यंत पोहोचत होते. १८ महिन्यांनी हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. कुणाला नैराश्य आहे, हे मोजायला तिथेही पीएचक्यू-९ च होती.

या दोन्ही ठिकाणी कागद भरून घेणं हा कामाचा सगळ्यात सोपा भाग होता. नंतर घरी जाऊन भेटणारा, ऐकून घेणारा, पुढच्या तारखेला का आला नाही म्हणून फोन करणारा माणूस होता, म्हणून आकडे हलले.

जगातही या मुद्द्यावर एकमत नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक उपचारविषयक कृती दलाने सगळ्या प्रौढांची नैराश्यासाठी चाचपणी करावी असं म्हटलं आणि जून २०२३ मध्ये ६५ वर्षांखालच्या प्रौढांसाठी चिंताविकाराचीही भर घातली. ब्रिटनची राष्ट्रीय समिती मात्र सरसकट सगळ्यांना कागद वाटण्याच्या विरोधात आहे. कॅनडाच्या तज्ज्ञगटानेही २०१३ मध्ये तसाच कौल दिला होता. विनाकारण यादीत येणाऱ्यांची तपासणी, त्यांना बसणारा धक्का आणि नको असलेली औषधं, हे नुकसान फायद्यापेक्षा मोठं ठरू शकतं, असा या बाजूचा युक्तिवाद. इंग्लंडमध्ये २००८ पासून सुरू झालेल्या सरकारी समुपदेशन सेवेत मात्र दर बैठकीला पीएचक्यू-९ आणि जीएडी-७ भरून घेतात. तिथे हेतू आजार शोधण्याचा नसतो, रुग्णाला बरं वाटतंय का हे पाहण्याचा असतो.

हा दुसरा वापर खरं तर जास्त भरवशाचा आहे. पहिल्या भेटीत १८, महिन्याने १४, तीन महिन्यांनी सहा. एकाच माणसाची स्वतःशीच तुलना होत असल्याने भाषेची, स्वभावाची, थायरॉइडची गडबड बरीचशी बाजूला पडते. पाच गुणांचा फरक पडला तर तो दखल घेण्याजोगा मानतात. तीन भेटी होऊनही आकडा जागचा हलत नसेल, तर उपचार बदलायची वेळ आली हे डॉक्टरलाही टाळता येत नाही. आपल्याकडे मात्र पहिला कागद फाइलला लागतो आणि दुसरा कधी भरलाच जात नाही.

ऑनलाइन चाचणीचं काय?

ती देऊ नये असं कुणी म्हणत नाही. रात्री दोन वाजता झोप न लागलेल्या माणसाला नऊ प्रश्नांतून 'हे जे होतंय त्याला नाव आहे' एवढं कळलं तरी मोठा आधार होतो. पण तीन गोष्टी पाहायला हव्यात. ब्रेकअपनंतरच्या किंवा निकालाच्या आठवड्यात भरलेला कागद त्या आठवड्याचं चित्र सांगतो. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा भरला तर चित्र बदललेलं असू शकतं. दुसरं, आकड्याइतकाच महत्त्वाचा असलेला प्रश्न बेरजेत धरलाच जात नाही. तो सगळ्यात खाली असतो : या त्रासामुळे काम, घर, माणसांशी वागणं किती अवघड झालंय? बारा गुण असूनही सगळं सांभाळणारा आणि नऊ गुण असताना अंथरुणातून उठू न शकणारा, यांत आधी कुणी डॉक्टर गाठायचा हे उघड आहे. तिसरं म्हणजे माहिती जाते कुठे? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. पण तो दवाखान्यातल्या रुग्णाच्या बाबतीत. कुठल्या तरी ॲपवर ई-मेल आयडी देऊन भरलेल्या नऊ उत्तरांचं पुढे काय होतं, हे त्या ॲपच्या अटी वाचल्याशिवाय कळत नाही, आणि अटी कुणी वाचत नाही.

नववा प्रश्न

पीएचक्यू-९ चा शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. असं विचारल्याने एखाद्याच्या डोक्यात नको ते येईल, ही भीती डॉक्टरांनाही वाटते. पण थेट विचारल्याने धोका वाढतो असं संशोधनात दिसलेलं नाही. बऱ्याच जणांना उलट सुटल्यासारखं वाटतं, कारण तोपर्यंत कुणी विचारलेलंच नसतं.

या प्रश्नाला एकूण बेरजेचा नियम लागू नाही. एकूण गुण सहा असोत की सव्वीस, नवव्या रकान्यात शून्याखेरीज काहीही असलं तर त्या माणसाशी त्याच दिवशी, तो दवाखान्यातून बाहेर पडायच्या आत बोलायला हवं : विचार मनात येऊन जातात की काही ठरवलं आहे, घरात कीटकनाशक किंवा गोळ्यांचा साठा आहे का, सोबत कोण आहे. कित्येक ठिकाणी हा प्रश्न गाळून आठच प्रश्न विचारतात. त्याला पीएचक्यू-८ म्हणतात. फोनवरच्या सर्वेक्षणात, जिथे लगेच मदत पोहोचवता येत नाही, तिथे हे समजण्यासारखं आहे. ओपीडीत नाही. आणि कागद सकाळी भरून घेऊन तो गठ्ठा संध्याकाळी संगणकात चढवायची पद्धत असेल, तर तिथे नववा प्रश्न विचारून उपयोगच नाही, कारण उत्तर वाचलं जाईपर्यंत रुग्ण एसटीत बसून गावी पोहोचलेला असतो.

आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं कळलं तर पोलीस केस होईल, या धास्तीने आजही काही घरं ही गोष्ट दडवतात. २०१७ च्या कायद्याने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिलं. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर भारतीय दंड विधानातलं कलम ३०९ ठेवलेलंच नाही.

नवव्या प्रश्नावर खूण करावीशी वाटली आणि जवळ ओपीडी नसली, किंवा रात्रीचे दोन वाजले असले, तरी केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र सुरू असते. फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.